हरिकेन आणि किनाऱ्यावरची अणुवीज केंद्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लोरिडात किंवा टेक्सासमध्ये मुलगा-सून राहत असतील, तर ऑगस्ट उजाडला की पुण्या-नाशिकच्या घरांत हवामानाचे नकाशे उघडले जातात. त्यात कोणीतरी ‘तिथे किनाऱ्यावर अणुभट्टी आहे’ असा निरोप पुढे ढकलतो आणि मग फोन सुरू होतात. दर वर्षी येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. भर मुख्यतः फ्लोरिडातल्या टर्की पॉइंटवर आहे, कारण मोठं हरिकेन अगदी अंगावरून गेल्यावर अणुवीज केंद्राचं काय होतं, याची सगळ्यात तपशीलवार नोंद तिथली आहे.

मायामीच्या इतक्या जवळ खरंच अणुवीज केंद्र आहे?

आहे. टर्की पॉइंट मायामीच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, बिस्केन उपसागराच्या काठाला. होमस्टेड हे गाव तर त्याच्या शेजारीच. अणुऊर्जेचे संच दोन, क्रमांक ३ आणि ४. ते १९७२ आणि १९७३ मध्ये सुरू झाले. १ आणि २ हे संच तेलावर आणि वायूवर चालणारे होते. हे क्रमांक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील, कारण १९९२ च्या अँड्र्यू हरिकेननंतरच्या निम्म्या अफवा या दोन जोड्यांच्या गोंधळातून निघाल्या.

या केंद्राला थंड करणारं पाणी सुमारे २७० किलोमीटर लांबीच्या कालव्यांच्या जाळ्यातून फिरतं. विमानातून ते एखाद्या मोठ्या रेडिएटरसारखं दिसतं. त्या कोमट, खारट पाण्याच्या काठांवर अमेरिकन मगरी अंडी घालतात आणि त्यांची पैदास तिथे चांगली होते. मगरींची मोजदाद ठेवणारं वीज केंद्र म्हणून त्याची वेगळीच ख्याती आहे.

किनाऱ्यावरची किंवा किनाऱ्याजवळची बाकीची नावंही बातम्यांत येतात: फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं सेंट लुसी, नॉर्थ कॅरोलायनातलं ब्रन्सविक, न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या अंगाला मिसिसिपी नदीकाठचं वॉटरफोर्ड आणि ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला साउथ टेक्सास प्रोजेक्ट.

वाऱ्यानं अणुभट्टीची इमारत कोसळू शकते का?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात कमी काळजीचाही हाच. अणुभट्टी ज्या आवरणात असते त्याच्या भिंती साधारण मीटरभर किंवा त्याहून जाड काँक्रीटच्या, आतून पोलादी अस्तर लावलेल्या. अमेरिकेत या इमारतींचा हिशेब हरिकेनपेक्षाही टोकाच्या टोर्नॅडोच्या वाऱ्यासाठी करतात. त्या हिशेबात नुसता वारा नसतो, तर वाऱ्यानं भिरकावलेली मोटारगाडी आणि पोलादी पाइप भिंतीवर आदळला तर काय होईल, हेही धरलेलं असतं.

मात्र केंद्र म्हणजे फक्त ती एक इमारत नव्हे. आवारात गोदामं असतात, पाण्याच्या टाक्या, पत्र्याच्या शेड, दिव्यांचे खांब, अँटेना, कुंपण, सुरक्षा कॅमेरे असतात. ते सगळं साध्या बांधकामाच्या नियमांनी उभं असतं आणि वाऱ्यापुढे तितकंच साधं ठरतं.

मग खरी भीती कशाची?

वीज जाण्याची आणि पाणी शिरण्याची. दोन्ही एकदम होण्याची तर जास्तच.

अणुभट्टी बंद करणं सोपं असतं. अणू फुटण्याची साखळी प्रक्रिया रोखणारे कंट्रोल रॉड आत सोडले की ती काही सेकंदांत थांबते. पण इंधनात तयार झालेली किरणोत्सारी द्रव्यं आपापल्या गतीनं विघटित होत राहतात आणि उष्णता देत राहतात. बंद केल्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते. टर्की पॉइंटच्या एका संचाची उष्णताक्षमता त्या काळी सुमारे २,२०० मेगावॉट होती, म्हणजे बंद करताच जवळजवळ १४० मेगावॉट उष्णता बाहेर काढायची. तासाभरात ती दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवसभरानं अर्ध्या टक्क्यावर, म्हणजे दहा-अकरा मेगावॉटवर. आकडा झपाट्यानं उतरतो, पण शून्यावर येत नाही. पाणी फिरवत राहावंच लागतं.

पाणी फिरवायला पंप लागतात आणि पंपांना वीज. अणुभट्टी बंद झाली की केंद्र स्वतःची वीज बनवत नाही. बाहेरच्या ग्रीडवरून घेतं. आणि हरिकेनमध्ये सगळ्यात आधी काय पडतं? विजेच्या तारा आणि मनोरे. २९ ऑगस्ट २०२१ ला आयडा वादळ लुइझियानात धडकलं, २००५ च्या कट्रीना हरिकेनला बरोबर सोळा वर्षं झाली त्या दिवशी. न्यू ऑर्लिन्सला वीज आणणाऱ्या आठही मोठ्या वाहिन्या बंद पडल्या आणि अव्हॉन्डेलजवळचा एक उंच मनोरा कोसळून तारा नदीत गेल्या. वॉटरफोर्डचा संच आधीच बंद केलेला होता. बाहेरची वीज गेल्यावर डिझेल जनरेटर सुरू झाले आणि काम चालू राहिलं. कट्रीनाच्या वेळीही तिथे हेच झालं होतं.

म्हणून वादळ येतंय म्हटल्यावर भिंत किती जाड, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. डिझेल जनरेटर किती, ते किती उंचीवर आणि तेल किती दिवसांचं, हे विचारावं. साधारण नियम सात दिवसांच्या साठ्याचा असतो.

१९९२ मध्ये अँड्र्यू थेट टर्की पॉइंटवरून गेलं. तेव्हा नेमकं काय घडलं?

२४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे अँड्र्यू होमस्टेडजवळ किनाऱ्यावर आलं. तेव्हा ते चौथ्या श्रेणीचं मानलं गेलं (पाचवी सगळ्यात वरची). दहा वर्षांनी नोंदी पुन्हा तपासून २००२ मध्ये त्याला पाचव्या श्रेणीत घातलं. केंद्राच्या आवारात सलग वारा ताशी २३० किलोमीटरच्या पुढे आणि झोत ताशी २८० किलोमीटरपर्यंत गेले.

दोन्ही संच आदल्या संध्याकाळपासूनच उतरवायला घेतले होते. वादळ पोचलं तेव्हा साखळी प्रक्रिया थांबून काही तास झाले होते, म्हणजे वर सांगितलेल्या उष्णतेचा सगळ्यात अवघड टप्पा मागे पडला होता. बाहेरची वीज गेली आणि पाच दिवसांपेक्षा जास्त काळ आली नाही. तेवढे दिवस दोन्ही संच डिझेल जनरेटरवर राहिले. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. सुरक्षेच्या मुख्य यंत्रणांचं नुकसान म्हणजे थोडं पाणी झिरपलं, काही ठिकाणी इन्सुलेशन आणि रंग उडाला, एवढंच.

बहुतेक लेख इथे थांबतात. पण शिकण्यासारखं जे आहे ते याच्या पुढे.

आवारातली एक उंचावरची पाण्याची टाकी वाऱ्यानं कोसळली. ती काही सुरक्षेची टाकी नव्हती, त्यामुळे तिच्या मजबुतीचा कोणी फार विचार केलेला नव्हता. पण ती पडली अग्निशमन यंत्रणेवर. आग विझवायचे नळ आणि पंप निकामी झाले. म्हणजे आता दोन अणुभट्ट्या, त्यांच्या उशाला डिझेल जनरेटर आणि त्यांचं तेल, आणि आग लागलीच तर विझवायला कायमची यंत्रणा नाही. आग लागली नाही, हे बरंच झालं. ‘बिनमहत्त्वाची’ वस्तू महत्त्वाच्या वस्तूच्या उशाला उभी असली की तीही महत्त्वाची होते, हा धडा एनआरसीनं, म्हणजे अमेरिकेच्या अणुनियामक आयोगानं, नंतर सगळ्या केंद्रांना लेखी कळवला.

दुसरी गोष्ट फोनची. बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क सुमारे चार तास पूर्ण तुटला. फोन नाही, रेडिओ नाही. संपर्काचे मार्ग कागदावर अनेक होते; वाऱ्यानं सगळ्यांना एकाच रात्री गाठलं. बाहेर बसलेल्या अधिकाऱ्यांना त्या चार तासांत आत काय चाललंय हे कळायचा मार्गच नव्हता. मला विचाराल तर अँड्र्यूच्या सगळ्या नोंदीतली सर्वांत अस्वस्थ करणारी ओळ हीच.

तिसरी गोष्ट रस्त्याची. केंद्राकडे जाणारा रस्ता पडझडीनं बंद झाला. शिवाय होमस्टेड आणि फ्लोरिडा सिटी ही आसपासची गावं वादळानं भुईसपाट केली होती. ज्यांनी पुढच्या पाळीला यायचं, त्यांच्याच डोक्यावर छप्पर राहिलेलं नाही, ही शक्यता तोवर आपत्कालीन आराखड्यात फारशी कोणी गंभीरपणे धरलेली नव्हती.

आणि चिमणी. तेलावर चालणाऱ्या संचाची सुमारे ४०० फूट उंच चिमणी तडकली आणि नंतर पाडावी लागली. त्या तडकलेल्या चिमणीचा फोटो आजही ‘अणुभट्टीला तडा’ म्हणून फिरतो.

पाण्याबाबत मात्र केंद्राला थोडी नशिबाची साथ होती. वादळ पश्चिमेकडे सरकत होतं. उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटचालीच्या उजव्या बाजूला वारा समुद्राला किनाऱ्यावर ढकलतो, त्यामुळे सगळ्यात मोठं उधाण केंद्राच्या उत्तरेला चढलं. सुमारे १७ फुटांची नोंद झाली, तीही बर्गर किंगच्या मुख्य कार्यालयाच्या इमारतीत. हरिकेनच्या इतिहासातला सगळ्यात विचित्र मोजणी-पत्ता हाच असावा.

वादळाच्या किती आधी संच बंद करतात?

फ्लोरिडातल्या केंद्रांची ठरलेली पद्धत अशी, की हरिकेनच्या ताकदीचा वारा, म्हणजे ताशी सुमारे ११९ किलोमीटर, आवारात पोचायच्या किमान दोन तास आधी संच बंद झालेला हवा. प्रत्यक्षात बरेचदा त्याहून आधीच सुरुवात करतात.

पण वादळ आलं की संच बंद, इतकं ते सरळ नाही. इर्माच्या वेळी, सप्टेंबर २०१७ मध्ये, टर्की पॉइंटचे दोन्ही संच बंद करायचं ठरलं होतं. मग वादळाची वाट पश्चिमेकडे सरकली, म्हणून एकच बंद केला. दुसरा चालू ठेवला आणि तो नंतर एका व्हॉल्व्हच्या बिघाडामुळे थांबवावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी हार्वीनं ह्यूस्टन बुडवलं, तेव्हा साउथ टेक्सास प्रोजेक्टचे दोन्ही संच पूर्ण वादळभर चालू होते, कारण आवारातला वारा बंद करण्याच्या मर्यादेपर्यंत पोचलाच नाही. केंद्र समुद्रापासून साधारण १६ किलोमीटर आत आहे आणि जमिनीची उंचीही बरी आहे. त्या वेळी वर्तमानपत्रांतून टीका झाली की लोक बुडत असताना अणुभट्टी चालवता कशी? टीका समजण्यासारखी आहे. पण चालू संच ग्रीडला आधार देतो, रुग्णालयांना आणि पाण्याच्या पंपांना वीज देतो, ही दुसरी बाजूही आहे. निर्णय मर्यादा पाहून घेतला गेला आणि मला तो बरोबर वाटतो.

डिझेल जनरेटरही बंद पडले तर?

मग बॅटऱ्या, साधारण काही तासांच्या. त्यांच्यावर मोजमापाची यंत्रं आणि व्हॉल्व्ह चालतात. शिवाय टर्की पॉइंटसारख्या केंद्रांत अणुभट्टीच्याच वाफेवर फिरणारे पंप असतात. वीज नसतानाही ते बाष्पजनित्रात पाणी घालत राहतात. बाहेरची वीज आणि डिझेल दोन्ही गेल्यावर ठरावीक तास तग धरता आला पाहिजे, असा नियम अमेरिकेत १९८८ पासून आहे.

जपानमधल्या फुकुशिमाच्या २०११ च्या अणुअपघातानंतर, मार्च २०१२ मध्ये, एनआरसीनं आणखी एक आदेश काढला. प्रत्येक केंद्रानं फिरते पंप, फिरते जनरेटर, होज पाइप आणि ते जोडायच्या जागा तयार ठेवायच्या. त्याशिवाय मेम्फिस आणि फीनिक्स इथे दोन राष्ट्रीय गोदामं आहेत. तिथून हीच सामग्री ट्रकनं किंवा विमानानं कुठल्याही केंद्रावर पाठवता येते. दोन्ही गावं समुद्रापासून लांब आहेत.

फुकुशिमासारखं हरिकेनमध्ये होऊ शकतं का?

मूळ यंत्रणा तीच: बाहेरची वीज गेली, डिझेल पाण्यात गेले, थंड करणं थांबलं. त्यामुळे ‘अशक्य’ हा शब्द मी वापरणार नाही.

फरक दोन आहेत आणि दोन्ही मोठे आहेत. पहिला वेळेचा. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला आणि साधारण पन्नास मिनिटांत मोठी लाट आली. संच बंद होऊन तासही झाला नव्हता, इंधन भरपूर तापलेलं होतं. हरिकेन दिवसेंदिवस नकाशावर दिसतं. दुसरा फरक पाण्याच्या उंचीचा. फुकुशिमा दाइइचीला सुमारे ५.७ मीटरची लाट गृहीत धरली होती आणि आलेलं पाणी १४-१५ मीटरवर गेलं. गृहीतक आणि वास्तव यांत इतकी दरी पडली, की बाकी सगळं निरर्थक ठरलं. डिझेल जनरेटर बहुतेक तळघरांत होते. सहाव्या संचाचा हवेवर थंड होणारा एक जनरेटर तेवढा वाचला आणि त्याच्या जोरावर पाचवा आणि सहावा संच सावरले.

हरिकेनच्या उधाणाचा हिशेब सुनामीपेक्षा चांगला करता येतो. पण तो हिशेब कोणत्या वर्षी केलेला आहे, हे विचारायला हवं. त्याकडे पुढे येतो.

वादळामुळे अणुवीज केंद्रात खरोखर पाणी शिरल्याचं उदाहरण आहे का?

आहे. ते अमेरिकेतलं नाही, फ्रान्समधलं आहे. २७ डिसेंबर १९९९ च्या रात्री जिरोंद खाडीच्या काठावरच्या ब्लाये केंद्रावर वादळ आलं. भरती, वादळी फुगवटा आणि वाऱ्यानं उठवलेल्या लाटा एकत्र आल्या आणि पाणी संरक्षक बांधावरून आत आलं. पहिल्या दोन संचांच्या तळघरांतल्या खोल्या भरल्या, थंड पाण्याच्या पंपांपैकी काही आणि आपत्कालीन थंडाव्याचे पंप निकामी झाले. रस्ते बंद, त्यामुळे मदतीला येणारी माणसं अडकली. उरलेल्या पंपांवर निभावलं आणि किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही.

यातली बोचणारी गोष्ट अशी, की बांध पुरेसा उंच नाही हे आधीच लक्षात आलेलं होतं. काम पुढे ढकललं गेलं होतं. या घटनेनंतर फ्रान्सनं सगळ्याच केंद्रांचे पुराचे हिशेब नव्यानं केले. भरती वेगळी, लाटा वेगळ्या असं न धरता त्या एकत्र आल्या तर काय, असं धरायला लागले. फुकुशिमाच्या अकरा वर्षं आधी हा इशारा मिळाला होता. जगानं तो फारसा मनावर घेतला नाही.

अमेरिकेतलं त्यातल्या त्यात जवळचं उदाहरण न्यू जर्सीतल्या ऑयस्टर क्रीकचं. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळाच्या उधाणानं पाणी खेचणाऱ्या कुंडातली पातळी नेहमीपेक्षा सहा फुटांहून जास्त चढली आणि केंद्रानं ‘अलर्ट’ जाहीर केला. अमेरिकेत आपत्कालीन इशाऱ्याच्या चार पायऱ्या असतात, त्यांतली ही खालून दुसरी पायरी. बाहेरची वीजही गेली होती. योगायोगानं संच इंधन बदलण्यासाठी आधीच बंद होता. पाणी आणखी चढलं असतं तर पंपांच्या मोटारी भिजण्याची भीती होती. तशी वेळ आली नाही. ते केंद्र २०१८ मध्ये कायमचं बंद झालं.

मीठ साचल्यामुळे केंद्र बंद पडतं, हे खरं आहे का?

खरं आहे. वारा समुद्राचं तुषारपाणी स्विचयार्डवर, म्हणजे केंद्राची वीज जिथून ग्रीडला जोडतात त्या आवारावर, उडवतो, चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो आणि ठिणग्या उडायला लागतात. इर्माच्या वेळी सेंट लुसीच्या एका संचाची निर्मिती यामुळेच उतरवावी लागली. मालवण-वेंगुर्ल्याच्या वायरमनला हे सांगायची गरज नाही.

वापरलेल्या इंधनाच्या तलावाचं काय?

तलावात पाणी फिरवून थंड ठेवावं लागतं, त्यामुळे वीज तिथेही हवी. पण तलाव खोल असतो, पाणी भरपूर असतं, आणि तापायला तासांपासून दिवसांपर्यंत वेळ लागतो. वर पाणी ओतत राहिलं तरी भागतं, आणि ते आगीच्या बंबाच्या नळीनंही ओतता येतं.

काही वर्षं थंड झालेलं इंधन नंतर काँक्रीट आणि पोलादाच्या मोठ्या पिंपांत कोरडं ठेवतात. एकेक पिंप शंभर टनांच्या पुढे. त्यांना पंप नाही, वीज नाही. हवा आपोआप आतून फिरते. वादळाच्या दृष्टीनं आवारातली सगळ्यात निर्धास्त वस्तू कोणती, तर ही पिंपं. लोक मात्र त्यांच्याकडेच बोट दाखवून घाबरतात.

वादळात माणसं आत राहतात का?

हो. वादळाआधी ठरावीक पथक गाद्या, जेवण, औषधं घेऊन आत मुक्कामाला येतं. हार्वीत साउथ टेक्सासला सुमारे अडीचशे जण असे राहिले. एनआरसीचे निरीक्षकही सोबत थांबतात. सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लॉरेन्स वादळाच्या पावसानं ब्रन्सविककडे जाणारे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा केंद्राला काही नुकसान नसतानाही ‘पोचता येत नाही’ एवढ्याच कारणावरून आपत्कालाची सर्वांत खालची पायरी जाहीर करावी लागली. अँड्र्यूमधल्या त्या बंद रस्त्याचा धडा नियमात उतरल्याचं हे लक्षण.

समुद्राची पातळी वाढतेय. जुने हिशेब अजून चालतील?

इथे माझं समाधान होत नाही. टर्की पॉइंटचे संच पन्नास वर्षांपूर्वीचे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना एकूण ऐंशी वर्षं चालवण्याची परवानगी पुन्हा मिळाली, म्हणजे २०५० च्या पुढेपर्यंत. दक्षिण फ्लोरिडाची जमीन सपाट आहे आणि खालचा चुनखडक सच्छिद्र आहे. बांध घातला तरी पाणी खालून वर येतं.

फुकुशिमानंतर सगळ्या केंद्रांना पुराचा हिशेब नव्यानं करायला लावला, हे खरं. पण एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेनं अहवाल दिला, की परवाने देताना एनआरसी मुख्यतः भूतकाळातल्या नोंदींवर भिस्त ठेवते आणि पुढच्या हवामानाचे अंदाज पुरते वापरत नाही. एनआरसीचं म्हणणं असं, की हिशेबांत सुरक्षेचं अंतर भरपूर राखलेलं आहे. असेल. पण ब्लायेचा बांध बांधतानाही अंतर पुरेसंच मानलं गेलं होतं. ऐंशी वर्षांचा परवाना देताना ऐंशीव्या वर्षीचा समुद्र धरावा, ही मागणी अवाजवी नाही.

आपल्या तारापूरचं काय? जैतापूर झालं तर?

तारापूरचे पहिले दोन संच १९६९ पासूनचे, पालघर जिल्ह्यात अगदी अरबी समुद्राच्या काठाला. आणखी दोन २००५-०६ मधले. अरबी समुद्रात वादळं बंगालच्या उपसागरापेक्षा कमी येतात, पण अलीकडे त्यांची ताकद वाढलेली दिसते. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धनजवळ जमिनीवर आलं. मे २०२१ मध्ये तौक्ते महाराष्ट्राच्या किनाऱ्याला समांतर वर जाऊन गुजरातेत धडकलं. दोन्ही वेळा ताकद अँड्र्यूच्या जवळपासही नव्हती. पालघरच्या किनाऱ्याला भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो, त्यामुळे उधाण नेमकं कुठल्या वेळी येतं याला तिथे फार महत्त्व आहे.

भारतातलं पाण्याचं खरं उदाहरण कल्पाक्कमचं आहे, तेही वादळाचं नव्हे. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत समुद्राचं पाणी पंपघरात शिरलं, चालू असलेला संच बंद करण्यात आला आणि केंद्र सुखरूप राहिलं. फुकुशिमानंतर आपल्या अणुऊर्जा नियामक परिषदेनं देशातल्या सगळ्या केंद्रांचा फेरआढावा घेतला, त्यात तारापूरच्या जुन्या संचांना बाहेरून पाणी घालण्याच्या जोडण्या करण्याचं काम होतं.

जैतापूरची नियोजित जागा माडबनच्या सड्यावर, समुद्रापासून वीस मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथल्या विरोधाची कारणं मासेमारी, जमीन, भूकंप, खर्च अशी अनेक आहेत आणि ती ज्याची त्यानं तपासावीत. वादळी उधाण हे त्यातलं सगळ्यात दुबळं कारण आहे.

वादळाआधी आयोडीनच्या गोळ्या घेऊन ठेवाव्यात का?

केंद्रापासून १६ किलोमीटरच्या आत राहत असाल तर स्थानिक आरोग्य विभागाकडे चौकशी करा. पण स्वतःहून खाऊ नका. त्या फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइड वाचवतात, आणि त्याही वेळेवर घेतल्या तरच. वादळासाठी त्याहून उपयोगी वस्तू म्हणजे पिण्याचं पाणी, पॉवर बँक आणि गाडीत पेट्रोल.

वादळ गेलं, वीज आली, तरी संच आठवडाभर बंद का?

केंद्र ठीक असणं पुरेसं नसतं. सायरन वाजतात का, लोकांना बाहेर काढायचे रस्ते मोकळे आहेत का, रुग्णालयं आणि निवारे चालू आहेत का, हे आपत्ती व्यवस्थापनाची केंद्रीय संस्था फेमा तपासते आणि त्यानंतरच एनआरसी संच सुरू करू देते. त्यामुळे झाडं उचलणारी माणसं कमी पडली, तरी अणुभट्टी थांबलेली राहते.

व्हॉट्सॲपवर ‘केंद्र फुटलं’ असा निरोप आला तर कुठे पाहायचं?

एनआरसीच्या संकेतस्थळावर दोन नोंदी असतात. एकीत देशातला प्रत्येक संच किती टक्के क्षमतेवर चालू आहे याची रोजची यादी असते. दुसरीत केंद्रांनी कळवलेल्या घटना, अगदी किरकोळ सुद्धा, तारीख आणि वेळेसह असतात. वादळाच्या दिवशी टर्की पॉइंटपुढे शून्य दिसलं, तर संच ठरल्याप्रमाणे बंद केला आहे एवढाच बहुधा त्याचा अर्थ. घटनांच्या यादीत ‘अनयूज्वल इव्हेंट’ दिसलं तर ती सर्वांत खालची पायरी. तिच्या वर ‘अलर्ट’, मग ‘साइट एरिया इमर्जन्सी’ आणि सगळ्यात वर ‘जनरल इमर्जन्सी’. तिसरी किंवा चौथी पायरी दिसली, तर तिथल्या काउंटीच्या सूचना येतील त्याप्रमाणे निघायचं किंवा घरात थांबायचं. निरोपासोबत तडकलेल्या उंच चिमणीचा फोटो असेल तर तो १९९२ चा आहे, आणि ती चिमणी तेलाच्या संचाची आहे.